न वाचलेली ओळ

हार्डवेअरच्या दुकानात ती चौथी नळी वाचत असताना दुकानदाराचा धीर सुटला.

"मॅडम, सिलिकॉन आहे ते, कादंबरी नाही. काचेला काच चिकटते की नाही, एवढंच बघायचं असतं."

"ते मोठ्या अक्षरात लिहिलंय," ती मान वर न करता म्हणाली. "मी बारीक अक्षरातलं शोधतेय."

जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. त्यातली वीस मिनिटं या काउंटरपाशीच गेली होती. ती चौकातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय तिने आजवर साधी खोकल्याची गोळीसुद्धा कुणाच्या हातावर ठेवली नव्हती. ही सवय घरापर्यंत पोचलेली. बिस्किटांचा पुडा आणला तरी तिचे वडील, अप्पा, म्हणायचे, "थांबा, आधी ही पास करेल, मग आपण खाऊ."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. तिने वळून पाहिलं. छताला टांगलेले पाइप डोक्याला लागू नयेत म्हणून मान तिरकी करून एक उंच माणूस उभा होता. हातात काच उचलायच्या रबरी वाट्या, भुवयांवर पांढरी धूळ.

"माफ करा, हसलो नाही," तो म्हणाला. "म्हणजे... हसलो, पण तुम्हाला नाही. घरी मासे आहेत का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाथरूमसाठी कुणी इतकं वाचत नाही."

दुकानदाराने संधी साधून एक चकचकीत नळी पुढे सरकवली. "मग ही घ्या. एक नंबर माल. वर्षानुवर्षं बुरशी धरत नाही."

"तीच तेवढी घेऊ नका," उंच माणूस म्हणाला. "बुरशी धरत नाही, कारण आत बुरशी मारायचं औषध आहे. ते हळूहळू पाण्यात उतरतं. बाथरूममध्ये चालतं, तिथं कुणी राहत नाही. टाकीत राहतात."

तिने नळी पुन्हा उलटी केली. 'बुरशीरोधक' हा शब्द समोरच होता, ठळक, हिरव्या रंगात, एखाद्या बक्षिसासारखा. इतका समोर, की तिने तो वाचूनही वाचला नव्हता. तिचे कान गरम झाले.

"मग कुठलं घ्यायचं?"

"निव्वळ सिलिकॉन. कसलीही भर नसलेलं. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं. तो वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही. आणि जुन्यावर नवं लावायचं नाही, ते धरत नाही. जुनं सगळं खरवडून काढायचं."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही." त्याने आपले हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर बारीक पांढरे व्रण होते. "इथे असेल थोडंफार."

समोरच्या नव्या उंच इमारतीला बाहेरून काचा बसवायचं त्याचं काम. घरी माशांच्या तीन टाक्या, तिन्ही स्वतः जोडलेल्या. सोबतचे लोक त्याला शिडी म्हणत. "खरं नाव हजेरीच्या वहीत आहे," तो म्हणाला, "पण तुमच्यासारखं वाचणारं तिथं कुणी नाही."

ती हसली नाही. निदान दुकानाबाहेर पडेपर्यंत तरी नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "आमची टाकी खालच्या कोपऱ्यातून गळतेय. औषधांचं दुकान चौकात आहे. तुम्हाला जमण्यासारखं असेल... तर सांगा."

दुकानात परतल्यावर लक्षात आलं, डबा खायचा राहूनच गेला होता. आणि भूकही नव्हती.

*

दोन दिवसांनी, भर दुपारी, तो काउंटरपाशी उभा.

"आज वारा सुटलाय. वाऱ्यात आम्हाला दोरावरच्या पाळण्यात चढू देत नाहीत. दाखवता टाकी?"

घरात बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, ती चार फुटांची टाकी रिकामी उभी होती. अप्पा आणि आईने ती बावीस वर्षांपूर्वी हाताने जोडलेली. अप्पा शाळेत भूमिती शिकवायचे, त्यामुळे चारही कोपरे असे काटकोनात की गुण्या लावून बघावा. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून अप्पांचं बोलणं आटलं होतं. जे काही उरलं होतं ते माशांच्या वाट्याला जाई. एकोणीस मासे. त्यात सगळ्यात थोरला अकरा वर्षांचा नारिंगी गोल्डफिश, त्याचं नाव पेन्शनर. सकाळी दाणे खायचे, एक फेरी मारायची आणि उरलेला दिवस एका जागी थांबून जगावर नाराज राहायचं, हा त्याचा दिनक्रम.

सध्या सगळे बाथरूममध्ये दोन टबांत मुक्कामाला होते. बापलेकीला आंघोळीसाठी माशांची परवानगी काढावी लागत होती.

शिडी गुडघ्यांवर बसला आणि टाकीच्या आतल्या कडेवरून त्याने नख फिरवलं. "काचांच्या मधलं अजून घट्ट आहे. आतली ही पट्टी मात्र म्हातारी झाली. सगळी काढावी लागेल."

"उजवीकडची काढा," अप्पा म्हणाले. "गळती तिथे आहे. डावीकडची राहू दे."

"अर्धी ठेवली तर जुनं-नवं जिथं भेटेल तिथून..."

"राहू दे म्हटलं ना!"

ती दचकली. अप्पांचा आवाज इतका चढलेला तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. शिडी पुढे सरकला. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात वाकून त्याने पाहिलं. तिथे पिवळट पडलेल्या सिलिकॉनवर एक अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा स्पष्ट. त्याने तो ठसा पाहिला, मग अप्पांच्या हाताकडे पाहिलं. ठसा लहान होता, अप्पांचा अंगठा मोठा.

"घाई नाही," तो उठत म्हणाला. "मी परवा येतो."

जिन्यात ती त्याच्या मागून उतरली. "आईचा आहे तो. अप्पांनी बजावलं होतं, कुणी हात लावायचा नाही. तिने अर्ध्या तासातच दाबून बघितलं, सुकलं का म्हणून. अप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. आणि आता..."

"आता रोज त्या अंगठ्याशी बोलतात," तो म्हणाला.

ती पायरीवरच थांबली. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

तो परवा आला. तेरवाही आला. हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचा आणि अप्पांशेजारी स्टूल टाकून बसायचा. ती कामावरून परतली की दृश्य तेच. बाथरूमच्या दारात दोन स्टुलं, दोन पाठी, एक वाकलेली आणि एक लांबच लांब, आणि पेन्शनरचं खरं वय किती यावर वाद.

"अकरा? अहो, शेपटी बघा. तेराच्या खाली नाही हा."

"माझ्या घरात वाढलाय की तुमच्या?"

चौथ्या दिवशी अप्पा उठले. म्हणाले, "ब्लेड द्या."

भूमितीच्या मास्तरांचा हात होता तो. त्यांनी अंगठ्याच्या वर एक रेघ मारली, खाली एक रेघ मारली आणि तेवढा तुकडा काचेवरून सालीसारखा अलगद सोडवला. जुन्या कंपासपेटीत ठेवला. झाकण लावलं. "बाकीचं तुम्ही काढा," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

शिडी खिडकीकडे तोंड करून उभा होता. "धूळ फार आहे तुमच्याकडे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "फारच." काचा तिने सकाळीच पुसल्या होत्या.

*

रविवारी काम निघालं. तिने दुकानातून स्पिरिट आणलं होतं, त्याने काच पुसली, कडांना टेप लावली आणि पिशवीतून नळी काढली. सवयीने तिचा हात पुढे आला. त्याने नळी तिच्या तळहातावर ठेवली.

"ह्याच मालाने माझ्या तिन्ही टाक्या जोडल्यात," तो म्हणाला. "की विश्वास नाही?"

तो हसत होता. हनुवटीला टेपचा एक कपटा चिकटला होता, त्याला पत्ता नव्हता. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं. नळी उलटी करायला बोटांची एक हालचाल पुरली असती. तिने नळी होती तशीच परत दिली.

"आहे," ती म्हणाली.

एवढासा शब्द. पण तो म्हटल्यावर दोघांनाही क्षणभर काय करावं ते सुचेना. मग त्याने साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि कोपऱ्यातून खालपर्यंत एका ओढीत, न थांबता, पट्टी गुळगुळीत करत नेली. ती श्वास रोखून त्याच्या बोटाकडे बघत राहिली. इतक्या मोठ्या हाताला इतकं हळू चालता येतं, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

पुढचे सात दिवस तो रोज संध्याकाळी यायचा. "वास गेला का बघायला आलो."

"वास खाली रस्त्यापर्यंत येतोय," अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणायचे. "त्यासाठी तीन मजले चढायची काय गरज?" पण चहाचा तिसरा कप त्यांनीच काढून ठेवलेला असायचा.

दोघं खिडकीशी उभं राहून बोलायची. तो सांगायचा, पाळण्यातून काचेपलीकडचे लोक कसे दिसतात. "त्यांना वाटतं, इतक्या उंचावर आपल्याला कोण बघतंय. मग मोठे मोठे साहेब आरशात बघून हसायचा सराव करतात."

"आणि तुम्ही बघता?"

"मी काच बघतो. साहेब मध्ये येतो."

एकदा त्याने विचारलं, "तुम्ही जात्याच अशा? सगळं वाचणाऱ्या?"

तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजोबांना मी दुप्पट ताकदीची गोळी दिली. पाकीट सारखंच दिसायचं. ते दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं. धावत जाऊन परत घेतली. काही झालं नाही. पण ती दहा पावलं... अजून माझ्या स्वप्नात चालतात."

'जाऊ द्या हो', 'होतं असं', यातलं काही तो म्हणाला नाही. तिचा रिकामा कप त्याने हातातून घेतला, तेव्हा बोटांना बोटं लागली. आणि दोघांपैकी कुणीही घाई केली नाही.

आठव्या दिवशी वास गेला. नव्या पाण्याने टाकी धुतली, भरली, दिवसभर ठेवली. थेंबही गळला नाही. मासे घरी परतले. पेन्शनरने चारही कोपरे तपासले आणि आपल्या जागी जाऊन नाराज झाला. अप्पा त्या संध्याकाळी न थांबता तासभर बोलले.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मासा पाण्यावर आडवा दिसला.

"लहान होता," अप्पा म्हणाले. "जागा बदलली की दगावतात."

चौथ्या दिवशी आणखी दोन. पाचव्या दिवशी उरलेले सगळे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. तिने पाणी बदललं, गरम-थंड तपासलं, दाण्यांच्या डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. अप्पा जेवणाच्या ताटावरून उठले. "माझंच चुकलं. मी उतावीळ झालो. अजून दोन दिवस कळ काढायला हवी होती."

"तसं काही नाही, अप्पा."

"तिलाही मी हेच म्हणायचो, उतावीळ आहेस म्हणून." आणि ते टाकीकडे पाठ करून बसले. गेल्या चार वर्षांत त्यांनी टाकीकडे पाठ कधी केली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. रांगेत चौथा तो दिसला आणि तिच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं, तो हसत नाहीये. कमरेचा पट्टासुद्धा न सोडता आला होता. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने एक नळी काउंटरवर पालथी ठेवली.

"शेवटून दुसरी ओळ," तो म्हणाला.

मुंगीएवढी अक्षरं होती. 'सुधारित मिश्रण, बुरशी-प्रतिबंधक घटकांसह.'

"नाव तेच, रंग तोच. माल बदललाय. आज वर नवा खोका फोडला, तर सोबतचा म्हणाला, आता यावर काळे डाग पडत नाहीत. मी पिशवीत उरलेली तुमच्या टाकीची नळी फिरवून बघितली... पाळणा खाली यायला लागला तेवढाच वेळ, तडक इथे आलो." तो काउंटरवर वाकला. "मासे कसे आहेत?"

"सात गेले."

त्याने डोळे मिटले. "माझी चूक आहे. मी बघायला हवं होतं."

तिने नळी बाजूला सारली. कोट काढला, मालकांना सांगितलं आणि चालू लागली. तो तिच्या मागून, लांब ढांगा टाकणारा माणूस, पण दोन पावलं मागेच राहिला.

घरात शिरल्या शिरल्या, चपलाही न काढता, तो अप्पांसमोर उभा राहिला. "अप्पा, मी चुकीचं सिलिकॉन लावलं. त्यात औषध होतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरची जाळी काढली. "आधी मासे."

बारा मासे टबांत हलले. संध्याकाळपर्यंत त्यातले तीन गेले. पेन्शनर तळाशी कुशीवर पडून होता. कल्ला हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. शिडी टबाशी उकिडवा बसला होता. त्याच्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही जा आता."

तो गेला.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. राग होता, पण तो त्याच्यावर ठेवायला गेलं की घसरून आपल्याच पायावर पडत होता. नळी तिच्या हातात होती. रोज दोनशे पाकिटं उलटी करणारा हात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तो ब्लेडांचा डबा घेऊन उभा होता. डोळे तांबारलेले. "सगळं पुन्हा काढावं लागेल," तो अप्पांना म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात तर मीच काढीन. नाही म्हणालात तर दुसरा चांगला माणूस देतो."

अप्पा दारात आडवे उभे होते. "एक सांगा. तुम्ही गप्प बसला असता, तर आम्हाला कळलं असतं?"

"...नाही."

"माझीच चूक समजून मी मेलो असतो."

त्याने मान खाली घातली.

"पस्तीस वर्षं शिकवलं मी," अप्पा म्हणाले. "फळ्यावर चुकीचं गणित सोडवणारे शेकड्यांनी पाहिले. शिक्षकाचं लक्ष नसताना स्वतः उठून पुसायला येणारे चार-पाचच. या आत. पेन्शनर सकाळी सरळ झालाय, पण तुमच्यावर रागावलाय."

शिडीचा जीव भांड्यात पडला असेल, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो सरळ टाकीशी जाऊन बसला. ती दुसऱ्या बाजूने बसली. मध्ये दोन काचा. अप्पा बाथरूममध्ये, पेन्शनरच्या तैनातीला.

ब्लेडचा आवाज तेवढा येत होता. बराच वेळ.

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही ते बरोबरच आहे," तो काचेपलीकडून म्हणाला. "तुमच्या आईचा... आणि त्या जागी मी हे लावलं. हा हिशेब माझ्याने मिटायचा नाही."

"मी तुमच्यावर रागावलेली नाही."

"मग?"

ती पट्टी सोलत राहिली. बोटाएवढी, वीतभर, हातभर. तोंडातून शब्द काढणं त्याहून अवघड जात होतं.

"नळी माझ्या हातात होती," ती म्हणाली. "मी ती उलटी करणारच होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट न वाचता ठेवून दिली. आणि का... ते मला माहीत आहे. म्हणून स्वतःचाच राग येतोय."

"मी विश्वास नाही का म्हणून विचारलं, म्हणून?"

"नाही." तिने ब्लेड खाली ठेवलं. "तुमच्या हनुवटीला टेप चिकटली होती. मी ती बघत होते."

पलीकडचा आवाज थांबला. काचेतून तिला त्याचा चेहरा थोडा वाकडा, थोडा लांबट दिसत होता, आणि तो लाल होत होता, मानेपासून वर.

"दहा वर्षं मी सिलिकॉन लावतोय," तो हळूच म्हणाला. "खोका फोडला की तारीख बघतो, मागची बाजू बघतो. उस्तादांनी शिकवलेलं आहे. त्या रविवारी पिशवीतून नळी काढली तेव्हा... मीही नळीकडे बघत नव्हतो."

बाथरूममधून अप्पांचा आवाज आला, "काम थांबलं का रे?"

"नाही, अप्पा!" दोघं एकदम म्हणाली, आणि दोघांनी उलट्या बाजूने ब्लेडं उचलली.

ती हसत होती. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. दहा मासे गेले होते, कंपासपेटीत एक तुकडा होता, आणि तरी हसू येत होतं. याची तिला लाज वाटली. तिने तसं म्हटलंही.

"मलाही," तो म्हणाला. "पण थांबत नाहीये."

*

दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक कशी फुंकतात ते हार्डवेअरच्या दुकानदाराने त्या आठवड्यात पाहिलं. काउंटरवर डोक्याला डोकं लावून दोघांनी नऊ नळ्या वाचल्या. एक ओळ ती वाचे, दुसरी तो. सहा बाद झाल्या. उरलेल्या तिन्हींवरच्या नंबरांवर तिने तिथूनच फोन लावले.

"माशांच्या टाकीसाठी चालेल का? नाही, सगळ्या कामांना चालतं हे उत्तर नाही. माशांना चालेल का ते सांगा... मग लिहून पाठवा."

पहिल्या दोन कंपन्यांनी उडवाउडवी केली. तिसरीने लेखी पाठवलं, भर काहीही नाही, टाकीसाठी योग्य, सात दिवस पाण्याविना. तीच नळी त्यांनी घेतली. तरीही शिडीने आधी तिची पट्टी काचेच्या एका बरणीत लावली, सुकू दिली, पाणी भरलं आणि आपल्या टाकीतल्या दोन गोगलगायी त्यात आठवडाभर ठेवल्या. गोगलगायी ठणठणीत राहिल्या. तेव्हा कुठे टाकीला हात लागला.

या वेळी बोट फिरवताना तो एकटा नव्हता. डावीकडचा कोपरा तिने केला. पहिली ओढ वाकडी गेली. "थांबायचं नाही," तो म्हणाला. "मनगटातून नाही, खांद्यातून ओढ... ओढा."

"ओढ म्हणालास तरी चालेल," ती काचेकडे बघत म्हणाली.

सात दिवसांनी नऊ मासे टाकीत गेले. एक दिवस झाला, तीन झाले, दहा झाले. नऊच्या नऊ. पेन्शनर पूर्वीसारखा फेरी मारून रुसू लागला. अप्पांनी खुर्ची पुन्हा टाकीसमोर ओढली.

अकराव्या दिवशी संध्याकाळी शिडीने आपली पिशवी आवरली. ब्लेडं, टेप, नळी दाबायची गन, एकेक करून. त्याला इतका वेळ लागावा इतकं सामान त्यात नव्हतं. ती त्याला सोडायला दारापर्यंत आली.

"झालं मग," तो म्हणाला.

"झालं."

"गळत नाही."

"थेंबसुद्धा नाही."

त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "उद्या एकदा येऊन बघू का? कडा वगैरे..."

"कडा उत्तम आहेत."

"पंपाचा आवाज जरा जास्त येतो."

"बावीस वर्षं तेवढाच येतो."

तो चौकटीखाली मान वाकवून उभा राहिला. जिन्यात कुणाच्यातरी घरातून रेडिओचा आवाज येत होता. "मग मी काय कारण सांगून येऊ?" त्याने विचारलं.

"जे असेल ते सांग."

त्याने तिच्याकडे पाहिलं. यावेळी हसला नाही, मान फिरवली नाही. "दिवसभर वर लटकलेला असतो मी," तो म्हणाला. "खाली उतरलो की आधी तुझ्याकडे यावंसं वाटतं. टाकी असो नसो. गेले दोन महिने असंच आहे. आता तू म्हणशील ते."

तिच्या मनात खूप काही होतं, पण ते नीट लावून सांगायला तिला निदान एक रात्र लागली असती. तिने हात वर करून त्याच्या भुवईवरची पांढरी धूळ अंगठ्याने पुसली. एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. सावकाश.

"रोज ये," ती म्हणाली.

"पोरी," आतून अप्पांनी आवाज दिला, "दार उघडं आहे, डास येतायत. दोघं आत या, नाहीतर दोघं बाहेर जा!"

तिने आत डोकावून पाहिलं. अप्पांची पाठ दाराकडे होती, तोंड माशांकडे. खांदे मात्र हलत होते. ते हसत होते.

तिने चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेतलं.